फेर धरू, पण जपून

सख्यांनो, नवरात्र आलं की मावळात भोंडला, लोणावळ्यात दांडिया रंगतो. पण गर्दीत कुणी धक्का मारला, की घरचे पोरीलाच म्हणतात, "उद्यापासून जाऊ नको." चूक एकाची आणि घरी बसायचं दुसरीनं?

म्हणून गटानं आधीच ठरवा:

१. मैदानात आणि वाटेवर उजेड हवा.
२. दोघी-तिघींनी लक्ष ठेवावं. त्या कोण, हे माईकवरून सांगावं.
३. न विचारता हात धरून ओढू नये, व्हिडिओ काढू नये.
४. विधवा बहिणीलाही मानानं फेरात बोलवावं.

नको म्हटल्यावरही वारंवार पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. मदतीला 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098.

पोरीनं सांगितलं, तर आधी तिचं ऐका. पुढच्या बैठकीत विचारा: आपल्या गावात लक्ष कोण ठेवणार?