पाऊस येण्याआधी तळ्यातली जलपर्णी काढा

सातपाटी, शिरगाव, माहीम, केळवे या किनारपट्टीत गोड्या पाण्याचं तळं म्हणजे वाडीचा मोठा आधार. गाळ उपसणं थांबलं, सांडपाणी तळ्याकडे वळलं, की दोन-तीन पावसाळ्यांत जलपर्णी सगळं पाणी झाकून टाकते. सफाईचे खरे दिवस एप्रिल-मेचे. तेव्हा पाणी आटलेलं असतं आणि काठावरून हात पोहोचतो. जून उजाडला की तळं ओसंडतं आणि हीच रोपं शेजाऱ्याच्या भातखाचरात उतरतात.

आधी तण ओळखा

फुगीर देठाची, काळपट-जांभळ्या झुपकेदार मुळांची ती जलपर्णी. कोबीच्या गड्ड्यासारखं तरंगतं ते गोंडाळ. पाण्याखाली दाटतं ते हायड्रिला, तर काठाच्या चिखलात उभं राहतं ते पाणकणीस. प्रत्येकाचा उपाय वेगळा.

काढणी

दुपारी समुद्राकडून वारा सुटला की तरंगतं तण आपोआप पूर्वेच्या काठाला लागतं. तिथूनच ओढायला घ्या. दोघांनी दोन काठांवरून जाड दोर धरून रेटला तर काम झपाट्याने होतं. फुलावर आलेली रोपं आधी काढा, कारण बी गाळात पडलं तर वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

जलपर्णीत 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ओली वाहून नेण्यात मजुरी घालवू नका. चार-पाच दिवस उन्हात वाळू द्या, पण ढीग काठापासून दूर हवा, नाहीतर रस निथळून परत तळ्यात जातो. वाळलेली जलपर्णी शेणासोबत थर लावून कुजवली की नारळ-चिकूच्या आळ्यांना चांगलं खत होतं.

पाणकणीस पाण्याच्या पातळीखाली कापा. देठात पाणी शिरून बुंधा कुजतो.

तळ्यात मासे असतील तर टप्प्याटप्प्याने, एका वेळी एक तृतीयांश भागच साफ करा. कापलेलं तण पाण्यात कुजलं तर प्राणवायू घटतो. पहाटे मासे वर येऊन तोंड मारू लागले, तर धोका समजा.

तणनाशक टाळा

2,4-डी चे तुषार वाऱ्याने पानवेली आणि भाजीपाल्यावर जातात. शेजारी पिण्याची विहीर असेल तर विषयच संपला. खाडीलगतच्या तळ्याकाठची तिवरं मात्र तण नव्हेत. ती तोडायला उच्च न्यायालयाची 2005 पासून बंदी आहे.

पुन्हा येऊ नये म्हणून

तळ्यात येणारं सांडपाणी आधी अडवा. तणाचं खरं खाद्य तेच आहे. पाणी शिरण्याच्या तोंडाशी बांबू रोवून जुनं नायलॉनचं जाळं ताणा. सातपाटीत जुन्या जाळ्यांना तोटा नाही. गाळ काढल्यावर सामू तपासून गुंठ्याला 2 ते 2.5 किलो चुना टाका. बंदिस्त तळ्यात हायड्रिलासाठी वीतभर लांबीचे गवत्या मासे सोडावेत, पण जलपर्णी त्यांच्या भरवशावर ठेवू नका. बाकी सल्ल्यासाठी कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र आहेच.

पावसाळ्यात आठवड्याला एक फेरी मारून दिसेल ते रोप उपटा. पोषक पाण्यात जलपर्णी साधारण 15 दिवसांत दुप्पट होते. जूनमध्ये राहून गेलेली 10 रोपं या हिशेबाने चार महिन्यांत अडीच हजारांवर जातात.