लहान मुलांना समतेचा लढा कसा सांगावा?

प्रश्न : आम्ही अटलांटाजवळ राहतो. जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी असते. आठ वर्षांच्या मुलीला हा इतिहास कसा सांगावा? ती घाबरेल का?

उत्तर : साधारण तिच्याच वयाच्या मुलीपासून सुरुवात करा. १९६० साली सहा वर्षांची रुबी ब्रिजेस न्यू ऑर्लिन्समधल्या गोऱ्यांच्या शाळेत मार्शलांच्या संरक्षणात गेली. इतर पालकांनी मुलं काढून घेतल्याने ती वर्गात वर्षभर एकटीच होती. ‘तू तिची मैत्रीण असतीस तर काय केलं असतंस?’ असं लेकीला विचारा. अन्याय झाला हे स्पष्ट सांगा. हिंसेचे तपशील वयानुसार पुढे येऊ द्या. अपमानाचे प्रसंग मात्र मुलांकडून नाटक म्हणून करवून घेऊ नका.

मग बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा माँटगोमेरीचा बस-बहिष्कार सांगा. तो ३८१ दिवस चालला. एखाद्या शनिवारी गाडी न काढता वाचनालयापर्यंत चालत जा. रोज कामावर असं चालणाऱ्यांची जिद्द तिला उमगेल. किंग यांचं एबेनेझर चर्च तुमच्या जवळच आहे, तेही दाखवा. तो काळ पाहिलेले शेजारी असतील, तर त्यांच्या आठवणी ऐका.

ही सुट्टी सेवेचा दिवस म्हणूनही पाळतात. मराठी मंडळातल्या मुलांसह अन्नवाटपाला जा आणि तिथे डॉ. आंबेडकरांच्या १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची गोष्टही सांगा. त्यांनीच १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. वर्णभेदाविरुद्धचा आणि जातिभेदाविरुद्धचा, हे दोन्ही लढे आपलेच आहेत, हे मुलांना नक्की कळू द्या.