ड्रोन आणि बांध यांच्यातला बिनतारी धागा



ऊस डोक्यावर गेला, की पाठीवर पंप घेऊन फडात शिरणे किती अवघड, हे आम्ही सांगायला नको. म्हणून आता ड्रोनने फवारणी होऊ लागली आहे. पण एका शिवारात दोन-चार ड्रोन एकदम उडाले, की खरा प्रश्न संपर्काचा येतो. चालकाने दिलेला 'थांब' वर पोचलाच नाही, तर औषध शेजाऱ्याच्या भाजीपाल्यावर जायला कितीसा वेळ? हा धागा कुठे तुटतो आणि कसा राखावा, तेवढे आज पाहू.

पहिली अडचण आडोशाची. पुष्कळ ड्रोन २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात. ओला पाला ही लहर शोषून घेतो. शिवाय अंतर दुप्पट झाले, की मोकळ्या हवेतही पोचणारी शक्ती चौथाईवर येते. फवारणीचा ड्रोन पिकाच्या जेमतेम वर उडतो; चालक उसाआड उभा राहिला, तर मध्ये भिंतच आली म्हणा ना! चालकाने उंच, मोकळ्या जागी उभे राहावे आणि ड्रोन नजरेआड होऊ देऊ नये. काडीसारख्या अँटेनाचे टोक ड्रोनकडे रोखू नये; टोकाच्या दिशेला लहर सर्वांत कमी जाते.

दुसरी अडचण गलक्याची. काही ड्रोन मोबाइलच्या मनोऱ्यांमार्फत बोलतात. उंच गेल्यावर रेंज वाढेल, असे वाटते. पण मनोऱ्यांचे अँटेना जमिनीवरच्या माणसांसाठी किंचित खाली झुकवलेले असतात, आणि उंचावरच्या ड्रोनला लांबचे कितीतरी मनोरे एकदम ऐकू येतात. आठवडे बाजारात सगळे एकदम ओरडले तर काय कळणार? यावर उपाय म्हणजे चहूकडे लहरी न फेकता हव्या त्या दिशेलाच झोत टाकणारे अँटेना.

तिसरी अडचण पाळीची. पाटाचे पाणी सगळ्यांनी एकदम फोडले, तर शेवटच्या वावराला थेंब मिळत नाही. तसेच लहरींचे. म्हणून प्रत्येक ड्रोनला बोलण्याचा क्षण नेमून देतात, किंवा ठरलेल्या क्रमाने वारंवारता बदलत राहतात. ही दुसरी युक्ती जुनीच आहे. पाणतीराचे नियंत्रण शत्रूला बिघडवता येऊ नये, म्हणून हेडी लमार आणि जॉर्ज अँथाइल यांनी ती मांडली आणि १९४२ साली अमेरिकेत तिचे पेटंट मिळवले. याशिवाय 'थांब', 'परत ये' असल्या आज्ञा आधी आणि छायाचित्रे मागून, असा क्रम लावावा.

लांबच्या ड्रोनसाठी मधला ड्रोन निरोप्या होतो. एका बांधावरची हाक दुसऱ्याने पुढे द्यावी तसे. मात्र प्रत्येक टप्प्याला थोडा उशीर होतो. म्हणून टप्पे कमीत कमी ठेवावेत.

एवढे करूनही संपर्क कधीतरी तुटणारच. म्हणून ड्रोन बोलावताना चालकाला तीन गोष्टी विचारा. संपर्क तुटला तर फवारा आपोआप बंद होतो का? परतीची उंची झाडे आणि विजेच्या तारांपेक्षा जास्त लावली आहे का? दोन ड्रोन एकदम परतले, तर त्यांच्या उंच्या वेगळ्या आहेत का?

पाटकऱ्याला पाळी विचारायला आपण लाजत नाही. मग ड्रोनवाल्याला हे विचारायला का लाजावे?