वॉल सिट चालू असताना बीपी मोजा, संपल्यावर नाही

मी घाबरले नव्हते. हे आधी लिहून टाकते, कारण आमच्या जिमच्या ट्रेनरने चार लोकांत तसंच सांगितलं : ‘काकू घाबरल्या, बाकी काही नाही.’ अ‍ॅम्लोडिपिनची गोळी मी कित्येक वर्षं घेते. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘रक्तदाब’समोर खूण करून गोळीचं नावही लिहिलं होतं. तो फॉर्म कोणी वाचलाच नाही.

त्या दिवशी ‘चॅलेंज’ होतं. भिंतीला पाठ, गुडघे काटकोनात, जो शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. मांड्या थरथरायला लागल्या तोवर ठीक होतं. मग डोक्याच्या मागच्या बाजूला ठोके जाणवू लागले. मी म्हटलं, ‘डोकं ठणकतंय, उठते.’ तर म्हणे, ‘दम धरा काकू, श्वास रोखा, दात आवळा!’ बीपीच्या माणसाला श्वास रोखायला सांगतात? उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, थोड्या वेळाने मशीन लावलं. १३२/८४. त्याने तो आकडा सगळ्यांना दाखवला. माझ्या घड्याळातली नाडीही दाखवली, ती शंभराच्या आतच होती. झालं, मी घाबरट ठरले.

घरीही तोच सूर. ‘मशीन खोटं बोलेल का?’ मशीन खोटं बोलत नव्हतं, वेळ चुकीची होती. हे मला कळलं ते हृदयरोगतज्ज्ञांच्या खोलीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझा हात टेबलावर छातीच्या उंचीला सैल ठेवला, दंडाला पट्टा बांधला आणि मला भिंतीला टेकून बसायला सांगितलं. श्वास चालू ठेवून, जिममधल्यापेक्षा कितीतरी कमी वेळ. पडद्यावर १९६/१०८ आलं. उठवलं, दोन मिनिटं बसवलं, पुन्हा मोजलं : १३०/८०. एकाच खोलीत, तोच पट्टा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आकड्याच्या भीतीने नव्हे. इतके दिवस जे मी सांगत होते, ते समोर उमटलं म्हणून.

डॉक्टरांनी कारण समजावलं. आवळून धरलेल्या स्नायूत रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आत टाकाऊ द्रव्यं साठतात, आणि तिथल्या मज्जातंतूंचा सांगावा मेंदूला गेला की तो रक्तदाब चढवतो. अलम आणि स्मर्क या संशोधकांनी हे १९३७ मध्येच दाखवलं होतं. व्यायाम थांबल्यावरही त्या अवयवाचा रक्तपुरवठा पट्ट्याने अडवून ठेवला, तर दाब चढलेलाच राहतो. पट्टा सोडला की उतरतो. म्हणजे मी उठले आणि पायांत रक्त मोकळं फिरू लागलं, तेव्हाच पुरावा वाहून गेला होता. नाडीचं म्हणाल तर अशा व्यायामात ती त्या मानाने कमी वाढते, म्हणून घड्याळावर विसंबू नका. चालताना वरचा आकडा वाढतो, खालचा जवळपास तिथेच राहतो. जोर धरून ठेवताना दोन्ही चढतात आणि हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. माझ्या ईकोत डाव्या कप्प्याची भिंत आधीच किंचित जाड आहे. हेही कोणी विचारलं नव्हतं.

मग ट्रेनरने व्हॉट्सअ‍ॅपवर एक बातमी पाठवली : वॉल सिटने बीपी उतरतं. बातमी खरी आहे. २०२३ मध्ये २७० चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यात अशा स्थिर व्यायामाने वरचा आकडा सरासरी ८ ने आणि खालचा ४ ने उतरलेला दिसला, चालण्या-पळण्यापेक्षा जास्त. पण हा फरक विश्रांतीच्या वेळच्या बीपीतला, आणि तो काही आठवड्यांनी दिसतो. शिवाय त्यातली नेहमीची पद्धत म्हणजे दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये विश्रांती, आठवड्यातून तीनदा. गुडघ्याचा कोन ज्याच्या त्याच्या ताकदीनुसार. ‘पडेपर्यंत बसा’ असं त्यात कुठेही नाही. अर्धी बातमी पाठवून मोकळं व्हायचं, याला काय म्हणावं!

मी व्यायाम सोडलेला नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलं तसं भिंतीला बरीच वर टेकून बसते आणि मोठ्याने आकडे मोजते. बोलत असताना श्वास कोंडताच येत नाही. प्लँकलाही हेच करा. भरलेली बादली उचलताना, अडकलेलं कपाट ढकलताना सुद्धा. ज्यांच्या हृदयाची झडप अरुंद आहे, महाधमनी फुगलेली आहे किंवा विश्रांतीतलं बीपीच आटोक्यात नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भिंतीजवळ जाऊ नये. छातीत दुखलं, डोकं ठणकलं, अंधारी आली तर कोणी काहीही म्हणो, उठायचं. गोळ्या वेळेवर घ्या, मीठ कमी खा, हे तर सगळेच सांगतात.

जिमचं चॅलेंज अजून चालू आहे. परवा आमच्याच सोसायटीतले एक साठीचे काका त्याची तयारी करताना दिसले. त्यांना जिन्यातच थांबवून मी हे सगळं सांगितलं. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत म्हणाले, आणि फॉर्म भरल्यावर त्यांनाही कोणी काही विचारलेलं नव्हतं.