सिकलसेल : सोबत्यांचा आधार

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या भागांत तो जास्त आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य दुखतात. शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो होत नाही, हे आधी पक्कं लक्षात ठेवा.

लहानपणी पाणी, स्वेटर, गोळ्या सगळं आई बघते. पण मूल मोठं होऊन होस्टेलवर गेलं की? दुखणं वरून दिसत नाही. "नाटकं करतो" असं ऐकावं लागतं, मग तो आजारच लपवायला लागतो. अशा वेळी त्याच आजाराचा एखादा दादा किंवा ताई भेटली तर फार फरक पडतो. पाण्याची बाटली कायम जवळ ठेव, थंड पाण्यात पोहू नको, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आपला आजार आहे, प्रमाणपत्र काढ. हे अनुभवी माणूसच पटवून सांगतो.

मुली डॉक्टरांना विचारायला लाजतात तो प्रश्न ताईला विचारतात: माझं लग्न होईल का? होईल की! फक्त आधी जोडीदाराचं रक्त तपासा. तो वाहक नसेल तर मुलं वाहक होतील, पण सिकलसेलग्रस्त नाही. तो वाहक असेल तर प्रत्येक वेळी ५० टक्के धोका.

मात्र "गोळी सोड, आमची मुळी घे" असं गटात कुणी म्हणालं तर ऐकू नका. ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली तर सरळ दवाखाना गाठा.