सीट रिकामी, तरी बीप चालूच? सेन्सरच्या दुरुस्तीला किती पैसे मोजाल

शेलू स्टेशनच्या आजूबाजूला गेल्या काही वर्षांत ज्या इमारती उठल्या, त्यांच्या आवारात एक ठरावीक गाडी दिसते. सोमवार ते शुक्रवार उघड्यावर उभी, मालक कर्जत लोकलने मुंबईला, आणि शनिवार-रविवारी सगळं कुटुंब घेऊन बाहेर. अशा गाडीचं एक नेहमीचं दुखणं म्हणजे डाव्या सीटवर कुणी नसतानाही पट्ट्याचा दिवा लुकलुकतो आणि बीप काही थांबत नाही. गॅरेजवाला म्हणतो, "सेन्सर गेला, आख्खी सीट बदलावी लागेल." इथे थांबा. अनेकदा काम काही शेकड्यांत भागतं.

आधी दिवा कोणता ते बघा. पट्टा लावलेल्या माणसाचं चित्र असेल, तर प्रश्न पट्ट्याच्या सूचनेचा आहे. माणसाच्या छातीसमोर गोल फुगा दिसत असेल, तर तो एअरबॅगचा दिवा. चावी फिरवल्यावर तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझला नाही तर अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही, तेव्हा त्यात चालढकल नको. पहिल्या दिव्यासाठी पुढच्या सुट्टीपर्यंत थांबलात तरी चालेल.

1 जुलै 2019 पासून बनलेल्या गाड्यांत चालक आणि शेजारचा, दोघांसाठीही पट्ट्याची सूचना सक्तीची झाली. त्यासाठी डाव्या सीटच्या कव्हरखाली प्लास्टिकची पातळ चटई असते, तोच हा सेन्सर. दोन पापुद्रे, मध्ये किंचित फट. वजन पडलं की आतले बिंदू एकमेकांना टेकतात आणि गाडीला कळतं की कुणीतरी बसलंय. समोर माणूस आहे की कर्जतच्या तांदळाची दहा किलोची पिशवी, हे तिला कळत नाही. म्हणून पहिली तपासणी फुकटातली : सीटवरची बॅग, आंब्याची पेटी, ओला रेनकोट उचला. बीप थांबली तर विषय संपला.

थांबली नाही, तर रिकाम्या सीटचा पट्टा लॉकमध्ये अडकवा. आता बीप बंद झाली, तर लॉक ठीक आहे. संशय चटईवर किंवा तिच्या वायरवर. तरीही वाजतेय, तर लॉकमधला स्विच बघायला हवा. तिथे नाणं, बिस्किटाचा चुरा, सांडलेला चहा असं काहीही सापडतं. उलट प्रकारही असतो : माणूस बसलाय, पट्टा नाही आणि गाडी गप्प. त्याची तक्रार कुणी करत नाही, पण बिघाड तोही आहे.

नंतर सीट पूर्ण मागे सरकवून टॉर्चने खाली बघा. हात लावू नका, नुसतं बघा. पिवळा कपलर असेल तर तो एअरबॅगचा. जवळच दोन वायरींचा लहान कपलर दिसतो, तो बहुधा चटईचा. आपल्याकडच्या पावसात हवा महिनोन्महिने दमट, गाडी आठवडाभर बंद. पिनांवर हिरवट पूड धरते. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कुरतडलेली वायरही तिथेच मिळेल. आणि गाडीला नुकतंच नवं सीट कव्हर चढवलं असेल, तर आधी त्या कव्हरवाल्याकडे जा. कव्हर ओढून बसवताना वायर ताणली जाते, चटई दुमडते. ते काम त्याने फुकट करून द्यायला हवं.

आता पैशांचं. आकडे छोट्या आणि मध्यम गाड्यांचे, ढोबळ. मॉडेलप्रमाणे कमी-जास्त होतील. नेरळ-कर्जतकडे ऑटो इलेक्ट्रिशियनकडून स्कॅनिंगला 300 ते 800 रुपये धरा, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये 500 ते 1,500. मात्र मशीन एअरबॅगच्या बिघाडाचे कोड वाचतं का, हे आधी विचारा. स्वस्तातली मशीनं बहुधा फक्त इंजिनचे कोड दाखवतात. कपलर साफ करून घट्ट बसवणं 300 ते 800, वायर जोडणं साधारण तेवढंच. पट्ट्याचं लॉक बदलायचं तर 1,500 ते 4,000. चटई 2,000 ते 6,000, वर सीट खोलण्याची मजुरी हजार-दीड हजार. महागड्या परदेशी गाड्यांत चटई एअरबॅगशी जोडलेली असते, बसवल्यावर मशीनवर जुळवावी लागते, आणि बिल सहज पाच आकडी होतं. कुर्ल्याहून कटिंगचा, म्हणजे भंगारातल्या गाड्यांचा, माल आणण्याचा सल्ला मिळेल. लॉकसाठी आणि चटईसाठी तो मानू नका. कुठल्या धडकेतून निघालेला भाग आहे, कोण सांगणार?

22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी आहे. कोटेशनवर जुने 28 टक्के दिसले तर बोट ठेवा. गाडी वॉरंटीत असेल, तर बाहेर वायर कापू देऊ नका. पुराचं पाणी आत शिरलं असेल, तर खर्च करण्याआधी विमा कंपनीला कळवा.

पिवळ्या कपलरला मीटर लावणारा मेकॅनिक दिसला, तर गाडी परत घ्या. त्या कपलरला हात लावण्याआधीच बॅटरी सोडून काही मिनिटं थांबावं लागतं. लॉकमध्ये खोटी क्लिप खुपसून बीप बंद करणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट उपाय. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना अशा क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या. 13,118 जाहिराती उतरल्या. पट्टा न लावल्याचा दंड 1,000 रुपये आहे, तो वेगळाच. आणखी एक : आपल्याकडच्या साध्या गाड्यांतली चटई लहान मूल ओळखून एअरबॅग बंद करत नाही. मुलांना मागेच बसवा.

सीट खोलण्याआधी कोड लिहून घ्या, बदललेला जुना भाग मागून घ्या. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला, शेलूहून भलताच लांब, पण तक्रार ऑनलाइन दाखल होते. बिल आणि कोडचा कागद तेवढा जपून ठेवा.