थर्मोस्टॅट जोडण्याआधी

मीनू, तुझा लांबलचक मेसेज वाचला. नव्या घराच्या भिंतीवर आधीच्या मालकाचा नेस्ट थर्मोस्टॅट आहे, निखिलने होम असिस्टंट ही घरातली उपकरणं चालवणारी प्रणाली बसवायला छोटा कॉम्प्युटर आणून ठेवलाय, आणि थंडी पडायच्या आत दोन्ही जोडायचंय. निखिल म्हणतो, ‘मी करून देतो, तू कशाला डोकं शिणवतेस?’ त्याचा हेतू चांगला आहे, माहीत आहे मला. तरी मी सांगते, हे तू स्वतः कर. तो शेजारी बसू दे, चहा करून आणू दे, पण कीबोर्डवर हात तुझे असू देत. का, ते पुढे सांगते.

आधी जुन्या मालकाचं नाव काढ. घराच्या कागदपत्रांवर सह्या झाल्या म्हणून थर्मोस्टॅटचं खातं बदलत नाही गं. ते तोडलं नाही तर तो माणूस दुसऱ्या गावात बसून तुझ्या घराचं तापमान पाहू शकतो आणि बदलूही शकतो. वाईट मनाने नव्हे, चुकून बोट लागलं तरी पुरे. म्हणून थर्मोस्टॅटच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळं पुसून टाक. पण पुसण्याआधी उपकरणांच्या माहितीचा पडदा उघड आणि कुठली वायर कुठल्या अक्षराला लावली आहे त्याचा फोटो काढ. आर, डब्ल्यू, वाय, जी, सी ही अक्षरं दिसतील. सी ला वायर असेल तर उत्तम, थर्मोस्टॅटला सतत वीज मिळते. नसेल तर तो फर्नेसच्या वायरीतूनच थोडी थोडी वीज घेऊन आपली बॅटरी भरतो, आणि काही घरांत त्यातून कटकटी होतात.

मग मॉडेल नंबर बघ, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. नेस्टची पहिली दोन मॉडेलं, २०११ आणि २०१२ ची, यांचा आधार गूगलने २५ ऑक्टोबर २०२५ पासून काढून घेतला. ती भिंतीवर चालतात, हाताने तापमान बदलता येतं, पण फोनवरून काही करता येत नाही. तुझा तसला निघाला तर जोडणीचा विचार तिथेच सोड. तिसऱ्या पिढीचा असेल तर जोडता येईल. तू केलेल्या वर्णनावरून मला तोच वाटतोय.

आता जोडणी म्हणजे नेमकं काय, ते समजून घे. हे दोन डबे एकाच घरात, एकाच वायफायवर, पण त्यांचा एकमेकांशी थेट संबंध येत नाही. तू होम असिस्टंटमध्ये ‘६८ फॅरनहाइट कर’ म्हणालीस की ते मागणं गूगलच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून तुझ्या भिंतीवर येतं. एका स्वयंपाकघरात वावरणाऱ्या दोन जावांनी पोस्टातून पत्रं टाकून बोलावं, तसं. पोस्ट चालू आहे तोवर ठीक.

आणि हे पोस्ट आपल्या मर्जीवर चालत नाही, हे लक्षात ठेव. नेस्ट ही कंपनी गूगलने २०१४ मध्ये ३.२ अब्ज डॉलरला घेतली. त्याच वर्षी नेस्टने रिव्हॉल्व नावाची घर-नियंत्रणाची छोटी कंपनी विकत घेतली, आणि मे २०१६ मध्ये तिची सेवा बंद केली. लोकांनी पैसे मोजून घेतलेले डबे निकामी झाले. पुढे २०१९ मध्ये बाहेरच्या प्रणालींना नेस्टशी जोडणारी जुनी व्यवस्था गुंडाळायची घोषणा झाली. २०२० मध्ये ‘डिव्हाइस अ‍ॅक्सेस’ ही नवी व्यवस्था आली, आणि आज आपण तिच्यावरच अवलंबून आहोत. तिची एकदाच भरायची फी ५ डॉलर आहे, ती परत मिळत नाही. मला या फीचा राग नाही. पण आपल्याच घराच्या उबेसाठी दुसऱ्याचं दार ठोठावावं लागतं, याची जाणीव ठेवूनच ते ठोठावावं.

पायऱ्या होम असिस्टंटच्या मदतपानावर चित्रांसकट दिल्या आहेत, त्या मी इथे उगाळत नाही. गूगल क्लाउडमध्ये प्रोजेक्ट, त्यात दोन एपीआय चालू करणं, क्लायंट आयडी आणि सीक्रेट, मग डिव्हाइस अ‍ॅक्सेसचा प्रोजेक्ट. नावं भीतिदायक आहेत, काम कॉपी-पेस्टचं आहे. तुझं स्वतःचं जीमेल खातं वापर, ऑफिसचं नको. ऑफिसची खाती तिथे चालत नाहीत, आणि चालली असती तरी घराची किल्ली ऑफिसात कशाला?

एका ठिकाणी मात्र थांब. ‘कन्सेंट स्क्रीन’ नावाच्या पायरीवर तुझा प्रोजेक्ट आपोआप ‘टेस्टिंग’ अवस्थेत असतो. तसाच ठेवलास तर सगळं छान जोडलं जातं, तू खूश होतेस, आणि सात दिवसांनी जोडणी तुटते. टेस्टिंगमधल्या परवानगीची मुदतच सात दिवस आहे. तू पुन्हा लॉगिन करशील, पुन्हा आठवड्याने तेच. राउटर बदलून पाहशील, होम असिस्टंट पुन्हा टाकशील, शेवटी ‘मला हे जमत नाही’ म्हणशील. खूप जणी इथेच सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण दोष त्यांचा नसतो. तिथे ‘पब्लिश’ करून प्रोजेक्ट ‘प्रॉडक्शन’मध्ये ने, मगच पुढे जा.

त्यानंतर लॉगिन करताना एक पान येईल की हे अ‍ॅप गूगलने तपासलेलं नाही. घाबरू नकोस. ते अ‍ॅप म्हणजे तूच आत्ता बनवलेला प्रोजेक्ट. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’वर टिचकी मारून पुढे जा. फक्त एवढं ध्यानात ठेव, हे पान दुसऱ्या कुणाच्या अ‍ॅपसाठी कधी समोर आलं तर तिथूनच मागे फिर.

जोडलंस? आता खरी समजूत लागते. नेस्ट स्वतः शिकतो. तू कधी कडं फिरवतेस ते बघून वेळापत्रक बनवतो, घरात कुणी नाही असं वाटलं की तापमान उतरवतो. तू होम असिस्टंटमध्ये दुसरं वेळापत्रक लावलंस की एका फर्नेसला दोन मालक झाले. पहाटे एक म्हणतो वाढव, दुसरा म्हणतो उतरव. म्हणून एकाला निवड. माझं मत विचारशील तर नेस्टचं शिकणं आणि घरी-बाहेरचं ओळखणं बंद कर, आणि वेळापत्रक होम असिस्टंटकडे दे. ते उघड लिहिलेलं असतं, वाचता येतं, कुणालाही दाखवता येतं. शिवाय नेस्ट ‘इको’ या बचतीच्या अवस्थेत गेला की बाहेरून दिलेलं तापमान तो घेत नाही. आधी इको काढावा लागतो, मग आकडा. तुझ्या प्रत्येक ऑटोमेशनमध्ये ही पायरी घाल.

खिडकी उघडी राहिली तर फर्नेस थांबव, असं काही लावशील तेव्हा पाच-सात मिनिटं जाऊ दे. दर झुळुकीला चालू-बंद केलेलं फर्नेसला सोसत नाही.

आणि जीव सांभाळणारी गोष्ट कधीही ऑटोमेशनवर सोडू नकोस. तुमच्याकडे थंडीत पारा शून्याच्या खूप खाली जातो, पाइप गोठून फुटले तर तळघर भरतं. नेस्टमध्ये ‘सेफ्टी टेम्परेचर’ आहे. थर्मोस्टॅट बंद ठेवला असला तरी घर त्याच्या खाली उतरलं की तो फर्नेस पेटवतो. इंटरनेट जाऊ दे, होम असिस्टंट बंद पडू दे, हे भिंतीवरच चालतं. तो आकडा जितका वर नेता येईल तितका ने. आणि सुट्टीत भारतात येताना घर ५५ फॅरनहाइटच्या खाली ठेवू नकोस.

आता ते, ज्यासाठी म्हटलं की हात तुझे हवेत. हे निखिलबद्दल नाही, तो मला धाकट्या भावासारखा आहे. २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक मोठी बातमी दिली होती. घरातले थर्मोस्टॅट, कुलपं, दिवे, कॅमेरे दुरून चालवून बायकांना छळलं जात होतं. बहुतेक घरांत हे सगळं पुरुषानेच बसवलेलं आणि पासवर्डही त्याच्याकडे. बाई घरात राहत होती, पण घर तिच्या हातात नव्हतं. चांगल्या घरातही याचं सौम्य रूप मी पाहिलंय. नवरा दौऱ्यावर, बायको स्वेटरवर स्वेटर चढवून बसलेली, कारण ‘ते त्याच्या फोनवर आहे’. मला तुला तसं बघायचं नाही. गूगलचं खातं तुझं असू दे, आणि त्यातल्या ‘घरात’ निखिलला सदस्य म्हणून घे. होम असिस्टंटमध्ये दोघांनाही प्रशासकाचा अधिकार दे. बॅकअप चालू कर. त्याची किल्ली असलेली ‘इमर्जन्सी किट’ फाइल मिळते, ती छापून पासपोर्टच्या फायलीत ठेव.

डिसेंबरात सासूबाई-सासरे येतायत ना? त्यांच्यासाठी फोनवर काही टाकू नकोस. भिंतीवरचं कडं फिरवलं की निदान तीन तास ऑटोमेशन गप्प राहील असं लाव. पुण्याहून आलेल्या माणसाला ६८ म्हणजे काकडणं. त्यांनी रात्री उठून ७३ केलं आणि दहा मिनिटांत मशीनने परत उतरवलं, तर त्या बिचाऱ्यांना वाटेल सुनेने उतरवलं. तुला ते ऐकावं लागू नये.

नवा थर्मोस्टॅट या वर्षी घेऊ नकोस. हा चालतोय तोवर चालव. पुढे कधी घ्यायचाच झाला तर मॅटर किंवा झेड-वेव्ह ही सोय असलेला घे, म्हणजे तो घरातल्या घरात बोलेल. नेस्टचं २०२० चं स्वस्त मॉडेल आणि २०२४ चं चौथ्या पिढीचं, दोन्हींत मॅटर आहे. तिसऱ्या पिढीच्या तुझ्या मॉडेलला ते मिळालेलं नाही. खोक्यावर फक्त ‘स्मार्ट’ लिहिलेलं बघून पैसे टाकू नकोस, ‘इंटरनेट गेल्यावर हा होम असिस्टंटशी बोलेल का?’ एवढं विचारून घे.

शनिवारी दुपारनंतर मी मोकळी आहे. कन्सेंट स्क्रीनपर्यंत पोचलीस की व्हिडिओ कॉल लाव, तिथून पुढे दोघी मिळून करू.